सोजरबाईंचे एकशे अठ्ठेचाळीस संवाद

माझ्या संवादाला टाळी पडली नाही, असं चौतीस वर्षांत एकदाच झालं. त्या दिवशी मंडपातली वीज गेली होती आणि प्रेक्षक अंधारात चपला शोधत होते. हात मोकळे नसतील तर माणूस टाळी वाजवणार कशी?

मी गुरुसिद्धप्पा. निवृत्त मराठी शिक्षक, मुक्काम जुळे सोलापूर. शाळेच्या गॅदरिंगचं नाटक दरवर्षी मीच लिहायचो आणि माझ्या नाटकात प्रत्येक वाक्याच्या शेपटाला बोध असायचा. आमच्या मुख्याध्यापकांचा दंडकच होता, बोध नाही तर मंडप नाही! त्यामुळे माझ्या नाटकातला चोरसुद्धा आधी "कष्टाची भाकरीच गोड" असं प्रेक्षकांकडे बघून म्हणायचा आणि मग कुलूप तोडायचा.

तर अशा सिद्धहस्त माणसाच्या दारात गेल्या श्रावणात रेश्मा येऊन उभी राहिली. रेश्मा माझी जुनी विद्यार्थिनी. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. पुण्यातली चांगली नोकरी सोडून ती आणि तिचा मित्र आतिफ इथं मोबाईलवरचा गेम तयार करत होते. गेमचं नाव 'डबा पोचला का?' खेळणाऱ्याने स्कूटरला जेवणाचे डबे अडकवायचे आणि खड्डे, म्हशी, रस्त्यातले लग्नाचे मांडव चुकवत ते घरोघरी पोचवायचे.

"सर, डबे देणाऱ्या बाईचे संवाद हवेत," रेश्मा म्हणाली. "वीसेक. छोटे छोटे, तीन-चार शब्दांचे."

"बाई कोण?"

"मेसवाल्या सोजरबाई. आवाजपण त्याच देणार आहेत. नावसुद्धा त्यांचंच ठेवतोय."

सोजरबाई म्हणजे आमच्या कॉलनीची अन्नपूर्णा. मूळच्या जेऊरच्या. जवळच्या कॉलेजची चाळीस पोरं त्यांच्याकडे जेवतात. आमची सौ. मुलीकडे नाशिकला गेल्यापासून मीही त्या पंगतीला असतो. बाईंची जीभ फटकळ आणि हात सढळ. "मेल्या, चारच भाकऱ्यांत उटलास? दुखणाईत हायस का?" असं म्हणत पाचवी भाकरी ताटात पडतेच.

"वीस?" मी हसलो. "अगं, वीस संवादांत पात्र उभं राहत नाही, नुसतं उकिडवं बसतं!"

अकरा दिवस घरात कोंडून घेऊन मी एकशे अठ्ठेचाळीस लिहिले. वानगीदाखल दोन-तीन सांगतो. खेळणारा खड्ड्यात पडला की सोजरबाई म्हणणार, "पडलास ना! ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही, त्याचे लक्ष आयुष्यावर तरी कसे असणार?" डबा वेळेवर पोचला की, "आज वेळेवर पोचलास, उत्तम. पण काल का नाही पोचलास, याचेही चिंतन कर!" आणि नुसता थांबला तर, "थांबलास? काळ कुणासाठी थांबत नाही, आणि आमटी थांबली तर गार होते!" सुरुवातीला पाऊण मिनिटाचं प्रास्ताविक होतं. डब्याचे चार खण म्हणजे मनुष्यजन्माचे चार आश्रम, असं मी त्यात सप्रमाण सिद्ध केलं होतं.

रेश्माने वही वाचली. वही मिटली.

"छान आहेत सर. पण थोडे... मोठे नाहीत ना?"

"मोठे म्हणजे?" मी चष्म्याच्या वरून बघितलं.

आठवीच्या वर्गात पाठ्यपुस्तक विसरून आलेल्यांकडे मी असाच बघायचो. रेश्मा तेव्हा तीनदा विसरली होती.

"नाही सर. काही नाही. एकदम परफेक्ट आहेत."

पुढच्या सगळ्या रामायणाचं मूळ इथं आहे, हे मला आज कळतं. आमच्याकडे माणूस बँकेच्या मॅनेजरशी भांडेल, व्याह्याशी भांडेल, पण आपल्या सरांना 'नाही' म्हणणार नाही. आतिफ मात्र माझा विद्यार्थी नव्हता, म्हणून त्याने एक प्रयत्न करून पाहिला.

"सर, ते सुरुवातीचं भाषण नको असेल तर पुढं जाता यावं, असं एक बटण ठेवतो."

"नाटकात प्रेक्षकाच्या हातात बटण असतं का?"

आतिफने रेश्माकडे पाहिलं. रेश्माने फरशीकडे पाहिलं. बटण गेलं!

"निदान एकदा गेम खेळून तरी बघा सर."

"नाटककार विंगेत उभा राहतो, आतिफ. तिकीट काढून समोर बसत नाही."

रेकॉर्डिंग मेसच्या मागच्या खोलीत झालं, ज्वारीच्या पोत्यांमध्ये. पोती आवाज शोषून घेतात, असा स्टुडिओ पुण्यातही मिळत नाही, असं आतिफचं म्हणणं. अडचण एकच होती. सोजरबाईंनी वही हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि परत दिली.

"अक्षरं मुंग्यांवानी पळत्यात वो मास्तर. तुमी म्हणा, मी मागनं म्हणते."

म्हणजे प्रॉम्प्टिंग! ते तर माझ्या हातचा मळ. मी एका पोत्यावर बसून एकेक वाक्य हातवाऱ्यांसकट म्हणायचो, बाई ते मागून म्हणायच्या. काटछाट नंतर करू, म्हणून आतिफने मशीन सलग चालूच ठेवलं होतं.

"पडलास ना! ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही..." मी सुरू केलं.

"हे असं कोण बोलतंय वो?" सोजरबाई म्हणाल्या. "पोरगं पडलं तर आदी लागलं का इचारावं की."

"ते फार साधं वाटतं, बाई. म्हणा. ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही..."

"म्हणते की."

"जरा ठसक्यात! 'आयुष्यावर' या शब्दावर जोर! आणि 'असणार'मधला..."

"गप बसा की वो मास्तर जरा! धाप लागली मला!"

कलावंत असेच असतात. त्यांना सांभाळून घ्यावं लागतं. मी सांभाळून घेतलं आणि पुढचं वाक्य सांगितलं. अशी चार दुपारी मेहनत केली.

दसऱ्याला गेम बाहेर पडला. सोजरबाईंनी सगळ्या मेसला शेंगापोळ्या वाढल्या आणि दारावर बोर्ड लावला. हातात आमटीचा डाव घेतलेला स्वतःचा फोटो आणि खाली, 'गेममधल्या सोजरबाई त्या याच'. बाई त्या दिवशी काठापदराच्या साडीत भाकऱ्या थापत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या, "मोबाईलमदी हाय मी. लई बोलते म्हणं!"

चौथ्या दिवशी मी मुद्दाम रिक्षा स्टॉपवर गेलो. रिक्षावाले नबीसाब सवारीची वाट बघत मोबाईलवर हाच गेम खेळत होते. माझी छाती फुगली.

"काय नबीसाब, कसा आहे गेम?"

"एक नंबर हय सर! पन एक काम करना. आवाज बंद करको खेलना."

"का बरं?"

"वो बुड्ढी हय ना, लेक्चर भोत मारती. एक तो गिरे, ऊपर से लेक्चर!"

नबीसाबना साहित्यात गती नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पण घरी येऊन आतिफकडून खेळाडूंचे अभिप्राय दिसतात त्या ठिकाणचा पासवर्ड घेतला. नुसतं वाचीन, असं त्याला वचन देऊन घेतला. पाच ताऱ्यांपैकी गेमला मिळाले होते दोन पूर्णांक आठ! आणि खाली मजकूर.

'गेम झकास, म्हातारी भकास.'

'एकच वाक्य दोनशे वेळा ऐकलं. आता जेवतानापण ऐकू येतंय.'

'हे ऐकायला लागू नये म्हणूनच मी शाळा सोडली होती.'

माझं मस्तक फिरलं. चौतीस वर्षं वह्या तपासलेला माणूस मी, चुकीचं उत्तर समोर असताना गप्प बसेन? प्रत्येक अभिप्रायाखाली उत्तर द्यायची सोय होती. मी द्यायला सुरुवात केली. आणि खेळाडू ज्यांच्यावर रागावलेत त्यांनीच समजूत काढलेली बरी, म्हणून खाली सही केली सोजरबाईंची!

'प्रिय खेळाडू, दोनशे वेळा ऐकूनही तू खड्ड्यात पडतोस, याचा अर्थ दोनशे वेळा अपुरे आहे. – सोजरबाई.'

'चिरंजीव, तुझ्या तीन ओळींत सात चुका आहेत. निर्बुद्ध माणसाला खड्डाही दिसत नाही आणि वेलांटीही. – सोजरबाई.'

जेवणवेळेपर्यंत त्रेसष्ट उत्तरं झाली. समाधानाने उठलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तारे बघितले तर एक पूर्णांक सात!

दारावरची बेल वाजली. रेश्मा आणि आतिफ. दोघांची तोंडं अशी, की मी न विचारता पाणी आणून दिलं.

"सर, ती उत्तरं..." रेश्मा थांबली.

"मी फक्त शंकानिरसन केलं."

आतिफ म्हणाला, "सर, नाटकात माणूस एकदा पडतो. गेममध्ये तासाला चाळीस वेळा पडतो. आणि पडल्यावरचं वाक्य एकच, चाळीस वेळा तेच! बरं, खरी मावशी शिव्या देताना ताटात भाकरी वाढती. गेममध्ये नुसत्या शिव्याच राहिल्या की!"

मी पाण्याचे रिकामे पेले गोळा करू लागलो.

"दिवाळीच्या आधी सुधारलेला गेम टाकायलाच हवा," रेश्मा म्हणाली, "नाहीतर लोक उरणारच नाहीत. आम्ही ठरवलंय. सोजरबाईंना गेममधून काढायचं. नावपण काढायचं."

"अगं, पण त्यांनी बोर्ड लावलाय!"

"माहितेय सर. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे."

दोघंही माझ्याकडे बघत राहिले. वर्गात फळा पुसायला कोण येतं, असं विचारल्यावर सगळे जसे एकाकडेच बघतात, तसं.

दुपारी मेसमध्ये गेलो. पंगत उठलेली होती. दारावरचा बोर्ड जागेवर नव्हता. आत पिंपाला टेकून ठेवला होता, तोंड भिंतीकडे करून. सोजरबाई रोजच्या साडीत चुलीपुढे बसल्या होत्या.

"या मास्तर," त्या म्हणाल्या. पुढं 'बसा' म्हणाल्या नाहीत, तसा मीच बसलो.

"बोर्ड का काढलात?"

"पोरांनी मोबाईल दावला. एक म्हणतंय, मावशी तुमी मला निर्बुद्ध म्हणलात. मी कशाला म्हणू वो? त्यो शब्द बी मला म्हाईत न्हाय." त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "जिंदगी गेली माजी पोरं जेवू घालण्यात. मेल्या, मुडद्या, काय म्हणलं न्हाय सांगा? पर एका पोरानं कदी राग धरला न्हाय. आन हितं सगळी म्हणत्यात, म्हातारीला हाकला. मी काय वंगाळ बोलले वो मास्तर? तुमी सांगितलं तसंच बोलले की."

मला फार लाज वाटली. माझ्या निरोप समारंभात सगळी शाळा रडली होती तेव्हा माझे डोळे कोरडे होते. त्या चुलीपुढे मात्र भरून आले, आणि धुराचं निमित्त सांगावं असंही वाटलं नाही.

"बाई, तुम्ही काही वंगाळ बोलला नाहीत," मी म्हणालो. "ते सगळं माझं होतं. खाली उत्तरं दिली तीही मीच. तुमची सही करून."

"किती?"

"त्रेसष्ट."

"आगं बया!"

"आणि आता ते तुम्हाला गेममधून काढणार आहेत. हेच सांगायला आलो होतो."

भाकरी फुगली, त्यांनी ती दुरडीत टाकली.

"काढा," त्या म्हणाल्या. "पर त्याच्या आदी मला एकदा ऐकवा तरी. चार दुपारी पोत्यात बसून मी काय बोलले, ते मी अजून ऐकलं न्हाय."

बाईंना घेऊन तिसऱ्या मजल्यावर रेश्माकडे गेलो. बाईंच्या आवाजात एखादं तरी आटोपशीर वाक्य सापडतं का बघू, म्हणून आतिफने काटछाट न केलेलं मूळ रेकॉर्डिंग लावलं. आधी माझा आवाज आला. खणखणीत, वर्गातल्या शेवटच्या बाकाला जाग आणणारा.

"पडलास ना! ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही, त्याचे लक्ष आयुष्यावर..."

"गप बसा की वो मास्तर जरा!" बाईंचा आवाज.

आतिफ खुदकन हसला. मी घसा खाकरला. पुढचं लागलं.

"डब्याचे चार खण म्हणजे मनुष्यजन्माचे..."

"गप बसा की वो मास्तर! चूल इजंल माजी!"

मला आपलं वाटत होतं, बाई हे एकदाच म्हणाल्या. चार दुपारी मिळून एकोणीस वेळा म्हणाल्या होत्या! दर वेळी नव्या चालीत. कधी विनवून, कधी वैतागून, एकदा तर चक्क ओवीसारखं. आणि मध्येच आतिफच्या पायावर पाट पडल्याचा आवाज, त्यावर लगेच बाई, "लागलं का रं? बग बरं. बस, च्या टाकते."

आतिफ हसून हसून खुर्चीवरून खाली आला. सोजरबाई पदर तोंडाला लावून गदगदत होत्या. "आगं बया, मीच का ही? लई फटकळ बाई हाय!" रेश्मा एकटीच हसत नव्हती. सरांसमोर हसायचं नाही म्हणून तिने ओढणी दातांत घट्ट धरली होती आणि डोळ्यांतून पाणी काढत होती.

मग ती ओढणी तिने सोडली.

"सर, एक सुचलंय. रागवणार नाही ना?"

"बोल."

"सोजरबाईंना काढायचंच नाही. उलट स्कूटरच्या मागच्या सीटवर एक मास्तर बसवायचे. डबा मांडीवर घेऊन. खेळणारा पडला, थांबला, काही झालं की मास्तर उपदेश सुरू करणार. तुमचेच संवाद, तुमचाच आवाज, सगळं रेकॉर्ड झालंच आहे. आणि खेळणाऱ्याला एक बटण द्यायचं. ते दाबलं, की सोजरबाई म्हणणार..."

"गप बसा की वो मास्तर," सोजरबाई हळूच म्हणाल्या.

तिघंही माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षांची पुण्याई एका बटणाखाली जाणार होती. पण पिंपाला टेकलेला तो बोर्ड माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"चालेल," मी म्हणालो. "फक्त एक अट. निदान बोध पूर्ण ऐकल्याशिवाय बटण चालता कामा नये."

"नाही सर," रेश्मा म्हणाली.

मी चष्म्याच्या वरून बघितलं. ती सरळ माझ्याकडे बघत राहिली. मीच चष्मा वर ढकलला.

दिवाळीच्या चार दिवस आधी नवा गेम आला. त्यात आता पडल्यावर सोजरबाई विचारतात, "लागलं का रं?" आणि डबा पोचला की म्हणतात, "गुणाचं लेकरू ते! जेवून जा." बाकी सगळं बोलणं मागच्या सीटवरच्या माणसाचं. तारे चढत चढत चार पूर्णांक चारवर गेले. अभिप्राय आले. 'सोजरबाई आपली मावशी.' 'मास्तर लई पकाऊ आहे, आपण मुद्दाम पडतो.' 'मास्तरला काढू नका, गप करायला मजा येते.'

बोर्ड पुन्हा दारावर लागला. बाईंनी आणखी एक ओळ वाढवून घेतली, 'मास्तर हितंच जेवत्यात.' त्यामुळे लोक मला बघायला येतात. नबीसाब आवाज मोठा करून खेळतात आणि मी दिसलो की रिक्षातूनच ओरडतात, "सर, आज आपको पचास बार चुप करा!" परवा पंगतीत मी नुसतं म्हणालो, "बाई, आज आमटीत मीठ..." तर चाळीस पोरं एका सुरात, "गप बसा की वो मास्तर!" मी बसलो गप. मीठ खरोखरच कमी होतं.

तरी माझी मनातून खात्री होती, की लोक उगाच घाई करतात. शांतपणे पूर्ण ऐकलं तर बोधाची गोडी कळेल. म्हणून काल दुपारी दार लावलं, चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो गेम स्वतः खेळायला बसलो.

पहिल्याच वळणावर खड्ड्यात पडलो. मागून खणखणीत आवाज आला, "पडलास ना! ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही..." मी मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं. वा! पुन्हा निघालो, म्हशीला धडकलो. "पडलास ना! ज्याचे लक्ष रस्त्यावर नाही..." तेही ऐकलं, जरा चुळबुळत. तिसऱ्यांदा मांडवाच्या दोरीत अडकलो, डबा सांडला, गुडघा फुटला आणि मागचा माणूस म्हणाला, "पडलास ना! ज्याचे..."

खरं सांगतो, कुणाला सांगू नका. मी पटकन बटण दाबलं.